एका कार्डावर दोघी

वाटी पडली आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिली. तिचा आवाज थांबेपर्यंत खोलीतलं कुणीच हललं नाही. मग विमलताई म्हणाली, "डाव्या हाताला अजून समज नाही आली गं."

मी वाटी उचलली, पुसली, पुन्हा वरण वाढून तिच्यापुढे ठेवली. तिनं पुन्हा डाव्या हातानं चमचा धरला. उजवा हात मांडीवर होता, मनगटापासून पुढे पांढऱ्या पट्टीत. पट्टीच्या आत अंगठा होता आणि करंगळी होती. मधली तीन बोटं नव्हती.

"पुन्हा एकदा घेऊ," माझा नवरा म्हणाला. यशवंतनं त्या दिवशी कामावर खाडा केला होता. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो सकाळपासून खाटेवर बसला होता, मुलगी बघायला आल्यासारखा. "तनू, इकडे बघ. तुझं नाव काय?"

"तनुजा यशवंत खैरनार."

"आईचं नाव?"

"कांचन."

"आई कुठंय?"

तनू तेव्हा चार वर्षांची होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे, आणि बोट उचलून विमलताईकडे केलं.

"शाब्बास. आणि ही कोण?"

"काकू," माझ्याकडे बघून ती म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवून हसली. तिला तो खेळच वाटत होता.

कांचन माझं नाव. विमलताई माझी मोठी जाऊ, तनूची काकू. अकरा वाजता विमा ऑफिसचे साहेब चौकशीला येणार होते, आणि ते येऊन जाईपर्यंत विमलताईनं कांचन व्हायचं आणि मी विमल व्हायचं, असं ठरलं होतं.

हे काही आम्ही त्या दिवशी उठून ठरवलेलं नव्हतं. नाशकात अंबडच्या एमआयडीसीत, विजेच्या स्विचांना लागणाऱ्या पितळी पट्ट्या प्रेस मशीनवर कापायच्या एका लहान कारखान्यात आम्ही दोघी कामाला जायचो. दोघी, पण एका कार्डावर. विमलताईचे कागद गावाकडे अडकलेले, रेशनकार्डावर नाव चुकलेलं. ठेकेदारानं माझ्या एकटीचंच नाव लावून घेतलं. गेटपास माझा, विम्याचं कार्ड माझं. एक आठवडा मी जायची, एक आठवडा ती. जी घरी असेल तिनं दोघींच्या पोरी, पाणी, स्वयंपाक बघायचा. आमच्या गल्लीत अशा तीन जोड्या होत्या. एक तर सासूसुनेची होती. सुपरवायझर जगदाळेला सगळं ठाऊक होतं. तो म्हणायचा, "मला प्रेसवर बाई पाहिजे. कुठली, ते तुम्ही घरी बघा."

विमलताईचा हात गेला त्या दिवशी दवाखान्याच्या दारात त्यानंच विचारलं होतं, "कार्ड कुणाच्या नावाचं?"

"कांचनच्या," मी म्हणाले.

"मग ही कांचन. विमल नावाची बाई आमच्याकडे कामाला नव्हतीच. नव्हती ना? मग तिला काय मिळणार, सांगा." आणि मग हळू आवाजात, "वहिनी, मी तुमच्या भल्याचं सांगतोय. कांचन असली तर ऑपरेशन फुकट, पट्टी फुकट, आणि जन्मभर पेन्शन. विमल असली तर घरी न्या."

आम्ही तिला कांचन म्हणून आत नेलं. भूल देण्याआधी नर्सनं नाव विचारलं, तेव्हा ती शुद्धीत होती. "कांचन यशवंत खैरनार," ती म्हणाली. पहिल्याच वेळी, न अडखळता.

त्याला सहा आठवडे झाले होते.

"मला ते 'अहो' तेवढं जमायचं नाही," विमलताई वरण खाताखाता म्हणाली. "यशवंतभाऊंना अहो? माझ्या लग्नात यांचं नाक वाहत होतं, मी पुसलंय."

"वहिनी, आता ते काढू नका," यशवंत म्हणाला.

"बघा. तुम्हीच वहिनी म्हणताय. मग मला काय शिकवता?"

कोणी हसलं नाही, पण खोलीतली हवा थोडी हलली. माझे मोठे दीर, केदाभाऊ, कामावर गेले होते. थांबले असते तर ते बोलून गेले असते; त्यांना खोटं बोलायचं झालं की घाम यायचा. तिची सोनल शाळेत होती. सोनल आठ वर्षांची, तिला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. तनूला सांगावं लागलं, कारण कार्डावर तनूचं नाव होतं.

मी मंगळसूत्र काढून तिच्या गळ्यात घालायला गेले, कारण कार्डावरच्या फोटोत ते दिसत होतं. फोटो तसा पुसटच. लॅमिनेशनच्या आत पाणी शिरलेलं, डोक्यावर पदर, चेहरा अर्धाच. तरी दोन वाट्या दिसत होत्या. विमलताईनं माझा हात धरला, डाव्या हातानं.

"ते नको. ते तुझं तुझ्याच गळ्यात राहू दे. साहेब काय वाट्या मोजणार आहेत?"

साहेब अकराला नाही, पावणेबाराला आले. टिळे नाव. पन्नाशीचे, बुटके, खांद्याला रेक्झिनची पिशवी. दारात चपला काढताना त्यांनी भिंतीला हात टेकला आणि म्हणाले, "तिसरी गल्ली म्हणून सांगितलं होतं. ही पाचवी आहे. पाणी मिळेल का आधी?"

यशवंत उठला आणि सवयीनं विमलताईकडे बघत बोलून गेला, "वहिनी, पाणी—"

मी लगेच उठले. "आणते, भाऊजी," मी म्हणाले, आणि पोपटी पडद्याआड गेले. स्वयंपाकाचा कोपरा आम्ही माझ्या एका जुन्या साडीचा पडदा लावून वेगळा केला होता. त्या पडद्यामागे उभं राहून मी तांब्या भरला. नवऱ्याला मी भाऊजी म्हटलं होतं, आणि ते इतक्या सहज आलं, की मला भीतीसुद्धा वाटली नाही. काहीच वाटलं नाही. तांब्या भरून वाहायला लागला, तेव्हा नळ बंद केला.

लिहायला टेबल नव्हतं. मी पोळपाट पुसून दिला. साहेबांनी तो मांडीवर घेतला, त्यावर कागद ठेवला. "हे बरं आहे," ते म्हणाले. "ऑफिसातल्या टेबलापेक्षा सपाट आहे."

मग विचारायला लागले. नाव. नवऱ्याचं नाव. कधीपासून कामाला. कुठली शिफ्ट. विमलताई खाली मान घालून सांगत होती, मी आठवडाभर तिच्याकडून पाठ करून घेतलेलं. कुठं अडली तर पदर सावरायची, तोवर तिला आठवायचं. साहेब हळू लिहीत होते. मध्येच कार्ड हातात घेऊन फोटो उजेडात धरला. तिच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा फोटोकडे.

"या कोण?"

"माझी जाऊ," विमलताई म्हणाली. "मोठी. विमल."

"मोठी?" मी तेव्हा बावीस वर्षांची होते, आणि ती तिशीची.

"नात्यानं मोठी," यशवंत म्हणाला. "वयानं लहान. माझ्या मोठ्या भावाचं लग्न उशिरा झालं."

हे ठरलेलं नव्हतं. त्यानं ते जागीच रचलं. साहेबांनी मान हलवली आणि तनूकडे वळले. ती खाटेच्या पायाला धरून उभी होती, एक पाय दुसऱ्यावर घासत.

"तुझं नाव काय गं बाळ?"

"तनुजा यशवंत खैरनार."

"अरे वा. पूर्ण नाव सांगते. शाळेत जाते?"

"अंगणवाडीत."

"तुझी आई कोण?"

तिनं बोट केलं. विमलताईकडे. अजिबात थांबली नाही. शिवाय चालत गेली आणि तिच्या मांडीला टेकून उभी राहिली, पट्टीचा हात दुखू नये म्हणून डाव्या बाजूनं. विमलताईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तनूचे केस मी सकाळीच विंचरले होते. ते तिच्या हाताखाली थोडे विस्कटले. मी बघत होते.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. मला वाटलं, झालं.

तेव्हा त्यांनी पिशवीतून एक खाकी पाकीट काढलं. "एक शेवटचं. अपघातानंतर फॅक्टरी इन्स्पेक्टर येऊन गेले, त्यांना मशीनवर हे मिळालं. उजव्या बटणाला बांधलेलं होतं." त्यांनी पाकीट उलटं केलं. पोळपाटावर एक चिंधी पडली. काळ्या तेलानं माखलेली, पण गाठीच्या आत रंग तसाच राहिला होता.

"आपला पडदा!" तनू म्हणाली.

ती ओळखीचं माणूस दिसल्यासारखी खूश झाली. धावत गेली आणि पडदा हातात धरून आम्हाला दाखवला. "हा बघा. हाच."

आता मला सांगायलाच हवं.

प्रेसला दोन बटणं असतात, डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली, तरच प्रेस खाली येते. म्हणजे हात आत राहू शकत नाही. पण तसं केलं तर माल कमी निघतो. म्हणून आम्ही बायका उजवं बटण चिंधीनं दाबून बांधून टाकायचो. मग डाव्या हातानं बटण, उजव्या हातानं पट्टी आत ठेवायची, काढायची, ठेवायची. जगदाळे बघून न बघितल्यासारखं करायचा. सगळ्या बांधायच्या, एक विमलताई सोडून. तिला भीती वाटायची. तिचे नग कमी निघायचे आणि ती बोलणी खायची. आमचा एकच नियम होता: शिफ्ट सुटताना चिंधी सोडून घरी न्यायची. मागून येणारी बाई बांधणारी असो, नसो, तिला मशीन मोकळं मिळालं पाहिजे.

त्या शनिवारी सुट्टीला दहा मिनिटं होती. जगदाळेच्या फोनवर विमलताईचा फोन आला, की तनूचा ताप उतरत नाहीये, डोळे फिरवतेय. मी तशीच पळाले. रविवारी कारखाना बंद. सोमवारी पण ताप होता. आमचा आठवडा बुधवारी बदलायचा, म्हणजे पाळी अजून माझीच होती. ती म्हणाली, "तू पोरीजवळ थांब, मी जाते." ती माझ्या प्रेसवर बसली. तिची सवय अशी, की डावा हात आधीच बटणावर टेकवून ठेवायचा आणि उजव्यानं पट्टी नीट लावायची. उजवं बटण दाबल्याशिवाय प्रेस येत नाही, हे तिला ठाऊक होतं.

सहा आठवडे हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, देवाला नाही. चिंधीचं काय झालं, तेही मला माहीत नव्हतं. कुणी काढून टाकली असेल, असं मी स्वतःला सांगत होते.

साहेब पडद्याकडे बघत होते. पडद्याची खालची कड एका बाजूनं फाटलेली होती, पट्टी काढल्यासारखी सरळ. यशवंत माझ्याकडे बघायला लागला. मी फरशीकडे बघितलं.

"कुणी बांधली होती ही?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं होतं. उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं. आवाज निघाला असता की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

"मी," विमलताई म्हणाली.

"तुम्ही?"

"कांचननं. म्हणजे मीच. माझ्याच साडीची आहे. कांचनची साडी कांचन नाही फाडणार तर कोण फाडणार, साहेब?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी तिच्याकडे बघून अगदी हळू, जवळजवळ शिकवल्यासारखं विचारलं, "कशासाठी बांधली? मस्करी म्हणून?"

"नाही हो. माल जास्त निघावा म्हणून."

"माल कुणाचा? तुमचा?"

"कंपनीचा."

"मग तसंच बोला. कंपनीच्या कामासाठी बांधली. नियम मोडला असेल, पण काम मालकाचं करत होतात. तेवढ्यावरून पेन्शन अडत नाही." त्यांनी लिहिलं. लिहिताना पोळपाट हलत होता. "बांधली नव्हती म्हणाला असतात आणि ही चिंधी माझ्याकडे असती, तर गेला असता कागद वर. सही करता की अंगठा?"

"सही यायची आधी," ती म्हणाली, आणि पट्टीचा हात थोडा वर केला.

त्यांनी डावा अंगठा घेतला. निळी शाई तिच्या बोटाला तशीच राहिली. जाताना दारात चपला घालताना ते थांबले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेन्शनसाठी मेडिकल बोर्डासमोर जायचं असेल तेव्हा मुलीला नेऊ नका. लहान मुलांना लक्षात राहतं."

ते गल्लीतून दिसेनासे होईपर्यंत यशवंत दारात उभा होता. मग पायात चपला सरकवून तोही बाहेर गेला. माझ्याशी तो त्यानंतर चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी चहा मागितला.

खोलीत आम्ही तिघी राहिलो. मी कापसावर रॉकेल घेऊन विमलताईच्या अंगठ्याची शाई काढायला बसले. निघत नव्हती.

"ताई, तुला ठाऊक होतं?"

"हं."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. हात आत होता ना, तेव्हा समोर तेच दिसत होतं. पोपटी. म्हटलं, हे तर आपलं."

मी घासत राहिले.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"काय बोलू? पोरीला ताप होता." तिनं हात सोडवून घेतला. "राहू दे ती शाई. जाईल आपोआप. तेवढा पडदा मात्र काढ. कोपऱ्यात अंधार होतो."

पेन्शन झाली. बोर्डासमोर ती एकटीच गेली, आणि कांचन म्हणूनच परत आली. आता दर वर्षी हयातीच्या दाखल्याला तीच जाते आणि माझ्या नावानं डावा अंगठा देऊन येते. मला मात्र नंतर कुठल्या कंपनीत जाता आलं नाही. जिथं कार्ड निघेल, तिथं मी आधीच नोंदलेली आहे, उजव्या हाताला तीन बोटं नसलेली बाई. मी घरीच फॉल-पिको करते. तनूनंतर झालेला धाकटा दुपारी झोपतो तेव्हा मशीन लावलं तर उठतो, म्हणून त्या वेळात हे लिहिते आहे. विमलताई पलीकडे भाजी निवडतेय. डाव्या हातानं ती आता माझ्यापेक्षा भराभर निवडते. मी काय लिहिते, हे तिनं विचारलेलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी तनूला दहीभात भरवत होते. पडदा काढलेला होता, आणि स्टोव्हपासून दारापर्यंत सगळी खोली एकदम दिसत होती. विमलताई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपली होती की नाही, कळत नव्हतं.

तनू खूप शहाण्यासारखी वागत होती. दिवसभर सगळ्यांनी तिला शाब्बास म्हटलं होतं. तिनं माझा भाताचा हात धरला, उष्टा तसाच, आणि बोटं मोजायला लागली. अंगणवाडीत नुकतंच शिकवलं होतं.

"एक. दोन. तीन. चार. पाच."

"खा आता. घास थंड होतोय."

"साहेब पुन्हा येणारेत?"

"नाही."

"मग अजून काकू आईच आहे का?"

"आज झालं ते. आता नाही."

ती विचार करत राहिली. दाताखाली शीत होतं, ते तिनं जिभेनं काढलं. मग पुन्हा माझी बोटं हातात घेतली आणि मधली तीन वेगळी करून धरली, घट्ट.

"पण तेव्हा तर काकू कांचन होती ना? आणि तिनं साहेबांना सांगितलं, कांचननं बांधली."

खाटेवरची विमलताई हलली नाही.

"हो," मी म्हणाले.

"आता तर कांचन तू आहेस. मग तुझी बोटं का आहेत?"